पितळेला नायटा

"अगं सौंदर्या, ह्या सिंहाला नायटा उठलाय बघ!" रविवारी सकाळी विमलाबाई दारातून ओरडल्या आणि गुरुप्रसादचा चहा बशीत सांडला.

सिंह पितळेचा. कळंब्यातल्या त्यांच्या नव्या फ्लॅटच्या पुढच्या दारावर त्याचं तोंड बसवलेलं होतं. तोंडात कडी, आलेल्या पाहुण्यानं वाजवायला. शेजारी पितळेचंच लांब पट्टीचं हँडल. आता दोघांवरही चट्टे उठले होते. इथं चकाकतंय, तिथं काळपट, मध्येच पातळ पापुद्रा निघून लोंबतोय. सिंहाच्या उजव्या गालाचं तर सालच गेलं होतं.

"आई, तुम्ही घासलंत काय हे?" सौंदर्यानं सासूबाईंना विचारलं. ती शाळेत गणित शिकवायची. प्रश्न विचारायच्या आधीच तिला उत्तर माहीत असायचं.

"घासणारच की. सणाला घासलं, अमावस्येला घासलं, आत्ता पण घासलं. चिंच, राख आणि काथ्या."

"अप्पांनी सांगितलं होतं की, ह्याच्यावर कोटिंग हाय म्हणून. नुसतं कोरड्या फडक्यानं पुसायचं."

"पितळ हाय आणि घासायचं न्हाय? असलं पितळ मी जन्मात बघितलं न्हाय." विमलाबाईंनी चिंचेचा चोथा सिंहाच्या नाकावरून पुसला. "मला विचारशील तर पत्र्याला रंग दिलाय. खरं पितळ असतं तर चिंच लावल्याबरोबर सोन्यागत निघालं असतं."

झालं. ते पितळ सौंदर्याच्या वडिलांनी पाठवलेलं होतं. शिवमूर्तीअप्पांचं जयसिंगपुरात हार्डवेअरचं दुकान होतं, आणि त्यांच्या दुकानातल्या मालाला पत्रा म्हणणं म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांना खोटारडं म्हणणं.

"माझे अप्पा पत्रा विकत न्हाईत," सौंदर्या एवढंच म्हणाली आणि आत गेली. आतून कुकरचं झाकण आपटल्याचा आवाज आला.

आणि नेमके आजच अप्पा येणार होते. दुपारी चारला.

येणार म्हणजे दारापर्यंत. त्याचं असं झालं होतं की सौंदर्या आणि गुरुप्रसादनं आपल्या आपण लग्न ठरवलं, आणि अप्पांनी भावकीसमोर जाहीर केलं, "त्या घराचा उंबरा मी ओलांडणार न्हाय." माणूस शब्दाचा पक्का. पण बापही पक्का. म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला होता. माल भरायला कोल्हापूरला आले की जिना चढून यायचे, कडी वाजवायचे, आणि उंबऱ्याच्या बाहेर उभे राहायचे. एक हात दाराच्या हँडलवर. दुसऱ्या हातात शेंगांची पिशवी.

"बरी हायस न्हवं?"

"हाय अप्पा. आत या की."

"न्हाय, येतो. गाडी हाय."

पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. पण घर घेतल्याचं कळलं तेव्हा टेंपोनं सगळ्या दारांचं पितळी सामान पाठवून दिलं. स्वतः आत येत नव्हते, म्हणून आत यायची सगळी दारं त्यांनी पितळेनं मढवून दिली होती.

"ह्या घरात ते एका हँडललाच हात लावतात," सौंदर्या स्वयंपाकघरात गुरुप्रसादला हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "ते पण असलं सडलेलं बघितलं, तर पुढच्या वेळी जिन्यातनंच परत जातील. आणि आईंनी पत्रा म्हटलेलं कानावर गेलं, तर मग जिना पण न्हाय."

"चारच्या आत नवीन करून दाखवतो," गुरुप्रसाद म्हणाला.

हे ऐकून ती आणखी घाबरली. गुरुप्रसाद एमआयडीसीतल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर बसायचा, पण घरातलं सगळं व्हिडिओ बघून स्वतः दुरुस्त करायचा. मिक्सर त्यानंच दुरुस्त केला होता. तेव्हापासून चटणी पाट्यावर वाटली जायची.

व्हिडिओत एक माणूस सांगत होता की कोटिंग अर्धवट निघालं की चट्टे पडतात, तेव्हा ते पूर्णच काढून टाकायचं. नेलपॉलिश काढायचं पाणी लावा, निघतं. गुरुप्रसादनं बायकोची बाटली आणली. सिंहाचा डावा कान लखलखीत झाला आणि बाटली संपली.

मग त्यानं रंगकामातून उरलेला थिनर काढला. घरभर असा वास सुटला की विमलाबाईंनी नाकाला पदर लावला. सौंदर्यानं गॅलरीचं दार सताड उघडलं. कळंबा तलावावरून येणारा वारा भसकन आत शिरला.

"गॅसवर दूध हाय आणि तू थिनर उघडलास? घर उडवतोस काय?" विमलाबाई पदराआडून ओरडल्या.

थिनर बाहेर गेला. गॅलरीचं दार उघडंच राहिलं.

तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधले हंबीरराव वास कसला म्हणून बघायला आले. हंबीरराव कळंबा जेलमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. मिशी अजून ड्युटीवर होती.

"काय चाललंय? दार सोलताय काय?"

"कोटिंग काढतोय काका."

"उकळ की मग," हंबीरराव म्हणाले. "गरम पाण्याम्होरं कोण टिकत न्हाय."

आणि खरंच, पुढच्या व्हिडिओत तेच होतं. पाण्यात खायचा सोडा घाला, पितळ टाका, उकळा. साप कात टाकतो तसं कोटिंग सुटून येतं. गुरुप्रसादनं पेचकस घेतला. सिंह काढला. बाहेरचं हँडल काढलं, आतलं हँडल काढलं, आणि दोन्ही हँडलांना जोडणारी, दाराच्या आरपार जाणारी चौकोनी सळीही ओढून काढली. दारात तेवढी भोकं उरली. दार लागू नये म्हणून त्यानं खाली फटीत आपली एक चप्पल सारली.

आता पातेलं. विमलाबाई पातेल्यांसमोर हात पसरून उभ्या राहिल्या.

"माझ्या सैपाकाच्या भांड्यात रंग उकळायचा न्हाय!"

"मग कशात उकळू?"

विमलाबाईंनी विचार केला, आणि माळ्याकडे बोट दाखवलं. माळ्यावर मटणाचं पातेलं होतं. सौंदर्या घरात आल्यापासून मटणाची भांडी वेगळी केली होती. ती शिवतसुद्धा नव्हती. पण आज तिनंच स्टूल धरलं. वडिलांनी दिलेलं पितळ मटणाच्या पातेल्यात उकळतंय, ही गोष्ट चारच्या आत उरकायची आणि पाचच्या आत विसरायची, असं ठरलं.

पाणी उकळायला लागलं. सिंह तळाला बसून वर बघायला लागला. गुरुप्रसादनं हँडलं, सळी, स्क्रू सगळं आत टाकून झाकण ठेवलं.

आणि चारला येणारे अप्पा साडेअकरालाच आले. कुणीतरी गाडीतून सोडलं म्हणे.

पांढरा सदरा, टोपी, हातात शेंगांची पिशवी. नेहमीसारखे उंबऱ्याबाहेर उभे राहिले. नेहमीसारखा हात कडी वाजवायला वर गेला. कडी नव्हती. हात खाली हँडलवर आला. हँडल नव्हतं. बोट नुसतं भोकात गेलं.

"आरं तिच्या मायला," अप्पा म्हणाले, "चोरी झाली काय?"

भोकातून पलीकडचं दिसत होतं. हार्डवेअरवाला माणूस. दाराला भोक दिसलं आणि आतली बाजू बघितली नाही, असं त्यांच्या हातून होणंच शक्य नव्हतं. अप्पांनी चपला काढल्या, दाराच्या मागची बाजू बघायला एक पाय आत टाकला, मग दुसरा टाकला. फटीत एक चप्पल वाकडी पडलेली दिसली. वाकडी चप्पल त्यांना सहन व्हायची नाही. ती त्यांनी पायानं सरळ करून बाहेर लावली.

तलावाचा वारा त्याचीच वाट बघत होता.

धाड!

आवाज ऐकून तिघंही बाहेरच्या खोलीत धावले, आणि जागच्या जागी थांबले. दार बंद होतं. आणि शिवमूर्तीअप्पा दाराच्या आत होते.

सगळ्यात जास्त धक्का अप्पांनाच बसला होता. त्यांनी मागे वळून भोकात बोट घालून दार ओढून बघितलं. कुलपाची जीभ चौकटीत बसली होती.

"उघडा हे," ते म्हणाले.

"मामा, हँडल..." गुरुप्रसाद म्हणाला.

"हँडल कुठाय?"

तेवढ्यात अप्पांचं नाक हललं. स्वयंपाकघरातून वाफ येत होती. आणि वाफेला, कितीही घासलं तरी, त्या पातेल्याचा जुना वास होता. अप्पांनी मान वळवली. गॅसवर मटणाचं पातेलं रटरटत होतं.

"आस्सं," अप्पा सावकाश म्हणाले. "मी येणार म्हणून सांगितलतं. आणि तुमच्यात हे शिजतंय. बरं केलं. कळलं मला."

"अप्पा, मटण न्हाय ते!" सौंदर्या रडकुंडीला आली.

"मग काय हाय?"

अप्पा तरातरा आत गेले आणि त्यांनी झाकण उचललं. वाफ निवळली. तळातून सिंहानं त्यांच्याकडे बघितलं. त्याच्या तोंडावरून सगळा पापुद्रा सुटून कानापाशी गोळा झाला होता, दाढीला साबण लावल्यासारखा. शेजारी त्यांच्याच दुकानातली दोन हँडलं शिजत होती.

"तुम्ही," अप्पा म्हणाले, "माझा माल उकडून खाताय?"

मग गुरुप्रसादनं सगळं सांगितलं. नायटा, चिंच, थिनर, सगळं. पत्र्याचं तेवढं वगळलं. पण विमलाबाई सरळ बाई. त्यांनी तेही सांगून टाकलं.

"मीच म्हटलं पावणं, पत्रा हाय म्हणून. माझं चुकलं. पण पितळ दिसल्यावर चिंच लावल्याशिवाय हात राहतोय काय बाईमाणसाचा?"

अप्पा रागानं काहीतरी बोलणार होते. पण त्यांचा चेहरा बदलला.

"आमची अक्काताई पण तेच करती," ते म्हणाले. "दुकानाच्या शोकेसमधला माल चिंचेनं घासून ठेवला एकदा. गिऱ्हाईक म्हणालं, ह्याला काय झालंय? मी म्हटलं, बायको झालीय."

विमलाबाई पदरात हसल्या. मग त्या पातेल्याकडे बघून म्हणाल्या, "आणि मटणाचं म्हणाल तर, तुम्ही येणार असलात की आमच्यात मटण करत न्हाईत. रविवार असू दे न्हायतर जत्रा असू दे. दोन वर्षं झाली. न जाणो, पावणं आत आलंच तर, म्हणून."

अप्पांनी झाकण खाली ठेवलं. बराच वेळ ते पातेल्यातच बघत होते. वाफेमुळे असेल, त्यांनी डोळे पुसले.

"सांडशी द्या," ते म्हणाले. "माझा माल मी बघतो."

एकेक वस्तू त्यांनी सांडशीनं काढली. सिंह काढला, उलटा केला, नखानं खरवडला. हँडलं काढली. तळातून आणखी काय काय काढलं, रुमालात धरून पुसलं. "गरम हाय, कुणी हात लावू नका," म्हणाले, आणि रुमाल घडी करून खिशात ठेवला.

दरम्यान बाहेरून हंबीरराव आले होते. दाराच्या भोकात त्यांचा एक डोळा दिसत होता.

"आत किती माणसं?" डोळ्याखालून आवाज आला.

"चार, काका. दार लागलंय. उघडायचं कसं?"

"मला काय विचारतोस? मी आयुष्यभर माणसं आत ठेवायचं काम केलंय, बाहेर काढायचं न्हाय. किल्ली टाक की गॅलरीतनं."

"किल्लीनं नुसतं कुलूप लागतं. जीभ हँडलनंच सरकते. थांबा, हँडल निघालंय उकळून, बसवतो."

हँडल निघालं होतं. स्क्रू निघाले होते. पण चौकोनी सळी सापडेना. गुरुप्रसादनं पातेलं मोरीत ओतून बघितलं, गाळणीनं गाळून बघितलं, ओट्याखाली सरपटला. सळीशिवाय हँडल नुसतंच गरगर फिरत होतं.

"पेचकस घालून फिरवू काय भोकातनं?" बाहेरून हंबीरराव म्हणाले.

"नको नको!" अप्पा एकदम ओरडले. "आतली चाल मोडंल. त्याला त्याचीच सळी लागती."

"मग सुताराला आणतो."

"रविवारी कशाला त्या बिचाऱ्याला उठवताय?"

"मग लाथ घालतो! दार कसं उघडत न्हाय बघतो!"

"दाराला पाय लावायचा न्हाय, पावणं!" अप्पा भोकाला तोंड लावून म्हणाले. "सागवानी हाय ते! निवांत राहू द्या. सापडंल तेव्हा सापडंल."

मग त्यांनी फोन काढला आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात घरी मराठी-कानडी मिसळून बोलायला लागले. "अक्काताई, अडकलोय गं! व्हय, आतच! येन माडली? काय करणार, दारच उघडंना! मी काय हौसेनं आलोय काय? उंबरा मी न्हाय ओलांडला, वाऱ्यानं ढकललं! आता जेवायची येळ झालीया, उपाशी तर मरता येत न्हाय. भावकीला पण सांग, माझा नाइलाज हाय म्हणून!"

फोन ठेवून ते खाली मांडी घालून बसले. "काय हाय जेवायला?"

सौंदर्याच्या हातातून गाळणी पडली.

विमलाबाईंनी भाकऱ्या थापल्या. वांगी भाजली. अप्पांनी आणलेल्या शेंगा सोलून पाट्यावर चटणी वाटली. मिक्सर का नाही वापरत, असं अप्पांनी विचारलं, आणि गुरुप्रसाद भाकरीत तोंड घालून बसला. बाहेर वासानं हंबीरराव हैराण झाले होते.

"आमचं काय? सकाळपासनं ड्युटीवर हाय मी!"

भाकरी काही भोकातून जाईना. शेवटी विमलाबाई दारापाशी बसून एकेक शेंगदाणा पलीकडे ढकलायला लागल्या, आणि पलीकडून हंबीरराव "हां, येऊ द्या" म्हणत राहिले.

अप्पा जेवत होते. हळूहळू, एकेक घास. सौंदर्या वाढत होती. दही वाढायला ती वाकली, आणि तिला दिसलं की अप्पांच्या सदऱ्याचा खिसा ओला झालाय. आणि ओल्या कापडातून आतल्या रुमालाचा आणि रुमालातल्या वस्तूचा आकार स्पष्ट दिसतोय. लांबट. चारही कडा सरळ.

गणिताची बाई. आकार ओळखायला तिला वेळ लागला नाही.

तिनं वडिलांकडे बघितलं. अप्पांनी ताटाकडे बघितलं.

"अर्धी भाकरी वाढ," ते म्हणाले.

तिनं अख्खी वाढली.

जेवण झाल्यावर अप्पा जरा पडले. गुरुप्रसाद बिचारा तोवर सोफा उलटा करून सळी शोधत होता. चहाच्या वेळेला अप्पा उठले, विमलाबाईंबरोबर चिंच भिजवायला बसले, आणि दोघांनी मिळून सिंहाला असं घासलं की विमलाबाई म्हणाल्या, "खरंच की वो पावणं. सोन्यागत."

"मी काय म्हणत होतो?"

"मी काय म्हणत होते?"

मग अप्पा मोरीत गेले. पातेल्यात हात घालून त्यांनी जरा खडखड केलं. "हे काय, तळाला चिकटलीया की," असं म्हणून हातात सळी घेऊन बाहेर आले.

ते पातेलं विमलाबाईंनी स्वतः काथ्यानं घासून पालथं घातलं होतं. त्यांनी तोंड उघडलं. सौंदर्यानं खालून त्यांचा हात दाबला. विमलाबाईंनी सुनेकडे बघितलं, व्याह्यांच्या ओल्या खिशाकडे बघितलं, आणि तोंड मिटलं.

"असंल," त्या म्हणाल्या. "सोड्यानं चिकटतं."

हँडल बसलं. दार उघडलं. बाहेर हंबीरराव पायरीवर बसल्या बसल्या झोपले होते, मिशीत शेंगदाण्याची सालं. सिंह आपल्या जागी बसून चकाकत होता, दोन्ही गाल एकसारखे.

गुरुप्रसादनं अप्पांच्या पाया पडायला वाकताना आधी मनातल्या मनात चिंचेला नमस्कार केला. त्याला सळीचं अजून काही माहीत नव्हतं. त्याला एवढंच कळत होतं की दोन वर्षांत जे कुणाला जमलं नव्हतं, ते आईच्या हातच्या एका नायट्यानं करून दाखवलं.

अप्पांनी चपला घातल्या. उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले, एक हात हँडलवर, नेहमीसारखे. पण लगेच निघाले नाहीत. मान लांब करून आत बघत राहिले.

"आतल्या दारांना पण कोटिंगच हाय न्हवं?"

"व्हय मामा. ते पण आजच्या आज काढून..."

"खुळा हायस काय?" अप्पा ओरडले. "एकदम सगळं काढायचं न्हाय. एका रविवारी एक दार. मी येऊन बघितल्याबिगर हात लावायचा न्हाय. नाजूक काम असतंय ते."

आणि ते जिना उतरायला लागले. सौंदर्या दारात उभी राहून ऐकत होती. खालच्या मजल्यावरून त्यांचा फोनवरचा आवाज येत होता.

"व्हय, सुटलो गं एकदाचा... न्हाय, पुढच्या रविवारी परत यायला लागतंय. बेडरूमचं दार हाय... कशाला म्हणजे? त्याची सळी लई आखूड असती. हरवतीच ती."